कुठून कुठे?

"काका, कुठून कुठे?" काउंटरपलीकडच्या पोराने विचारलं आणि मी अर्ध्या आयुष्याच्या सवयीने "डोंबिवली, रिटर्न" म्हणता म्हणता थांबलो.

त्याला तिकीट द्यायचं नव्हतं. चित्र कुठून निघणार आणि कुठे पोचणार, एवढंच तो विचारत होता. लॅपटॉपातून टीव्हीवर, मी म्हणालो. "ते कळलं हो. लॅपटॉपला व्हीजीए ना? आणि टीव्हीला एचडीएमआय? मग तुम्ही उलटं घेतलंय." आठ दिवसांपूर्वी घराजवळच्या दुकानातून घेतलेली काळी डबी त्याने माझ्या हातातून काढून घेतली, उलटीसुलटी केली आणि तिच्या पाठीवरचा बाण दाखवला. बाण मी पाहिला नव्हता असं नाही. मला ती नक्षी वाटली होती.

डबीचं एक टोक टीव्हीच्या तोंडात चपखल बसत होतं, दुसऱ्या टोकाला व्हीजीएची केबल दोन्ही बाजूंच्या स्क्रूंसकट घट्ट बसत होती, केबलचं पलीकडचं टोक लॅपटॉपात. सगळं जागच्या जागी होतं. फक्त चित्र येत नव्हतं, कारण ही डबी नव्या यंत्राचं बोलणं जुन्या पडद्याला समजावून सांगणारी होती, आणि आमचा मामला बरोबर उलटा होता: यंत्र जुनं, पडदा नवा. एकाच बाजूने भाषांतर करणारा दुभाषी. त्याला दुसऱ्या बाजूने काही सांगायला गेलं तर तो नुसता बसून राहतो, तक्रारही करत नाही. दुकानदाराला दोष नाही. "व्हीजीए एचडीएमआयवालं काहीतरी द्या" असं मीच मागितलं होतं. कुठून कुठे, हे त्याने विचारलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं.

एवढ्या कामासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो होतो. या दुकानाच्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन इथून काही हलत नाही. टॅक्सीवाल्यापासून दुकानातल्या पोरापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. जुनं नाव गेलं असं जाहीर करणं सोपं, ते तोंडातून जाणं कठीण. व्हीजीएचंही तसंच झालं आहे, त्याकडे येतोच.

आधी आईचं सांगायला हवं.

आई चौऱ्यांशी वर्षांची आहे. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत तिने तीस वर्षं नोकरी केली, म्हणजे तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी. तिचं सगळं वाचन या प्रवासातलं. बायकांच्या डब्यात एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची चार घड्यांची चौकोनी वडी करून, ती बातम्या, अग्रलेख, पुरवणी आणि शेवटी छोट्या जाहिराती या क्रमाने वाचायची. पुस्तक असलं तर ठाण्याला सुरू करून मशीद बंदरला खूण घालायची. घरात तिला वाचताना मी फारसं पाहिलं नाही. घरी ती कामात असे. निवृत्तीनंतर मात्र तिने सूड उगवावा तसं वाचलं. दिवाळी अंक मे महिन्यापर्यंत पुरवायची.

चार वर्षांपूर्वी तिला ओळीतला मधलाच शब्द दिसेनासा झाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेलो, तर डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा एक कागद पुढे केला. मध्ये काळा ठिपका. मार्क अ‍ॅम्स्लर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाने केलेली ही चाचणी. यंत्र नाही, बिंत्र नाही, गणिताच्या वहीसारखा नुसता कागद. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. "ठिपका दिसतो का आजी?" आई म्हणाली, "ठिपका नाही. आणि रेघा पाण्यात पडल्यासारख्या हलताहेत."

डोळ्याच्या पडद्याचा जो बरोबर मधला भाग असतो, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो वयाने झिजतो. बारीक बघण्याचं सगळं काम तिथे चालतं: अक्षर, सुईचं नेढं, माणसाचा चेहरा. एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देऊन झीज थोपवता येते. आईचा प्रकार दुसरा, कोरडा. त्यात गेलेलं परत येत नाही. कडेची नजर मात्र शाबूत राहते, त्यामुळे परक्या माणसाला काही कळतच नाही. ती घरभर फिरते, चहा करते, ओट्याखाली घरंगळलेला शेंगदाणा उचलते. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नाहीसं होतं. शेंगदाणा दिसतो, कारण ती त्याच्याकडे बघत नसते.

देवनागरीत तर आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणायचं असेल तर. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून एक सरळ रेघ जाते. सरळ रेघ वाकडी दिसणं हीच या दुखण्याची खूण. त्यामुळे आईला शिरोरेषा नागमोडी दिसते आणि रेषेला लटकलेली अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वाऱ्यावर हलतात. हे वर्णन तिचंच आहे. मी त्यात भर घातलेली नाही.

भिंग आणलं. त्यात एका वेळी तीन अक्षरं दिसत. चौथं येईपर्यंत पहिलं विसरायला होई. फोनवर अक्षर मोठं करून दिलं, तर बोट थरथरून पान कुठल्या कुठे जाई. मोठ्या टाइपातली पोथी मिळते, हे शेजारच्या काकूंनी सुचवलं. आई म्हणाली, "डोळे गेलेत, अजून देवाघरी नाही निघाले."

मग मी वाचून दाखवू लागलो. रोज सकाळी साडेनऊ ते साडेदहा. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, ते लपवत नाही. मुलगा आईला पेपर वाचून दाखवतो, चित्र सुंदरच आहे. पण महिन्याभरातच तिच्या तक्रारी सुरू झाल्या. तू भरभर वाचतोस. तू हळू वाचतोस. अग्रलेख वाचताना तुझा आवाज त्याच्या बाजूने होतो, मग मला माझं मत करता येत नाही. ही शेवटची तक्रार मला अपमानास्पद वाटली, कारण ती खरी होती. आणि सगळ्यात मोठी तक्रार: "तू गाळतोस."

गाळत होतो. काय गाळत होतो ते पुढे येईल.

एका संध्याकाळी टीव्ही नुसता चालू होता. आई आरामखुर्चीत, मान थोडी डावीकडे वळवून बसली होती. ही तिची नवी सवय. कडेच्या नजरेने बघायचं असेल तर सरळ बघून चालत नाही. पडद्यावर कुठल्याशा दुकानाची जाहिरात आली, अख्खा पडदा भरून दोन अक्षरं. आई म्हणाली, "सूट."

मी म्हटलं, "काय?"

"सूट. तिथे सूट लिहिलंय."

चार वर्षांत तिने स्वतः वाचलेला तो पहिला शब्द. शब्द काही थोर नव्हता. पण त्या रात्री मी माळ्यावर चढलो.

माळ्यावर २००८ सालचा लॅपटॉप होता. वजन अडीच-तीन किलो, बॅटरी मेलेली, म्हणजे वायर लावली तरच जिवंत. नवा लॅपटॉप घरात आहे, पण तो बायकोच्या शिकवण्यांसाठी दिवसभर लागतो. शिवाय आईसाठी एक यंत्र कायमचं टीव्हीखाली बसवून ठेवायचं तर ते असंच हवं, जे कुणी मागणार नाही. टीव्हीतच इंटरनेट आहे की, असं भाच्याने सुचवलं. आहे. पण रिमोटवरून एकेक अक्षर वेचत पत्ता लिहिणं हे धडधाकट डोळ्यांनाही शिक्षा करणारं काम आहे, आणि आमच्या टीव्हीवरच्या त्या ब्राउझरमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं होत नाही.

लॅपटॉपच्या डाव्या कडेला ते निळं तोंड होतं. पंधरा भोकं, पाच-पाचच्या तीन ओळी. आयबीएमने हे १९८७ साली आणलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं होतं आणि रविवारी सकाळी डोंबिवलीतले रस्ते ओस पडत, हा संबंध कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण माझ्या डोक्यात तो आता पक्का बसला आहे. त्या पंधरा पिनांतल्या तिघी लाल, हिरवा आणि निळा रंग वाहून नेतात. प्रत्येकीत शून्य ते पाऊण व्होल्टाच्या आत, नेमकं सांगायचं तर ०.७ पर्यंत, वीज वरखाली होते. जास्त वीज म्हणजे रंग उजळ, कमी म्हणजे गडद. बाकीच्यांपैकी दोघी पडद्याला सांगतात की ओळ संपली, पान संपलं. आवाज यातून जात नाही. आम्हाला आवाज नकोच होता.

एचडीएमआय त्यानंतर पंधरा वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये आलं. त्यात एकोणीस पिना, आणि चित्र विजेच्या चढउतारात नाही तर आकड्यांत जातं. आमचा लॅपटॉप त्यानंतर सहा वर्षांनी घेतलेला, पण स्वस्तातला, म्हणून त्याला फक्त निळं तोंड. पुढे डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं की २०१५ पर्यंत व्हीजीए हद्दपार करू. टीव्हींनी ते मनावर घेतलं. आमच्या त्रेचाळीस इंची टीव्हीला निळं तोंड नाहीच. पण सभागृहांतल्या प्रोजेक्टरपाशी अजून ती जाडजूड निळी केबल लोंबताना दिसते आणि वक्त्याचा नवाकोरा लॅपटॉप तिच्याकडे बघत बसतो. लॅमिंग्टन रोड म्हणालो ते यासाठी.

तर बाणाची डबी बदलून आणली. साडेचारशे रुपये. हिला आणखी एक शेपटी होती, यूएसबीची. भाषांतराला अंगात जोर लागतो, तो ती लॅपटॉपकडून घेते. विजेचा चढउतार सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजायचा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहायचा, असलं काम ती काड्यापेटीएवढी डबी करते. नुसती केबल हे करू शकत नाही. एका टोकाला निळं, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय आणि मध्ये काहीच नाही अशा साध्या केबली बाजारात सर्रास मिळतात. जुन्या लॅपटॉपसाठी त्यांचा उपयोग दोरी म्हणून.

मी टीव्हीमागे, हातात टॉर्च. आई समोर.

"आलं का?"

"काय यायचंय?"

"चित्र."

"तूच बघ ना. मला कशाला विचारतोस?"

तेव्हा आठवलं. आमच्याकडे पहिला टीव्ही आला, शटरचा, काळा-पांढरा, तेव्हा बाबा गच्चीवर अँटेना वरळीच्या दिशेने फिरवत, मी जिन्याच्या वळणावर आणि आई टीव्हीसमोर. बाबा ओरडत, "दिसतंय?" मी ओरडे, "दिसतंय का?" आई ओरडे, "मुंग्या!" मुंग्या मग जिन्यावरून गच्चीवर जात. मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेलं, पण आमच्या जिन्यापर्यंत यायला त्याला आणखी दहा वर्षं लागली. मुंग्यांचं एक बरं होतं: त्या कमी-जास्त होत. अँटेना थोडी डावीकडे, मुंग्या विरळ. थोडी उजवीकडे, मुंग्यांत एक माणूस दिसायला लागे. आताचा टीव्ही असलं काही करत नाही. चित्र नाहीतर 'नो सिग्नल'. मधलं काही नाही. चुकतंय ते थोडं चुकतंय की पूर्ण, हे कळायला मार्गच नाही.

आमचं थोडंच चुकत होतं. लॅपटॉप आधी सुरू केला होता, डबी नंतर जोडली होती. पडदा जोडला की यंत्र त्याला आधी विचारतं, तू कोण? पडदा एकशे अठ्ठावीस बाइटांत आपली माहिती सांगतो: कुठल्या कंपनीचा, कुठल्या साली बनलेला, किती सेंटिमीटर रुंद, किती उंच, कुठली चित्रं झेपतात. मराठी माणसाला लग्न ठरवताना लागतं तेवढंच. ही विचारपूस झाली नाही की यंत्र समजतं, समोर कुणी नाहीच. लॅपटॉप बंद केला, सगळं जोडलं, टीव्ही आधी लावला आणि मग लॅपटॉप. चित्र आलं.

आई म्हणाली, "निळं झालं."

आणि मला काहीतरी चावलं. केबलच्या टोकाच्या धातूला हात लागला की मुंगी चावावी तसा झटका. आमची आताची इमारत १९८४ ची. तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन तिथे शोभेला आहे. चार्जरमधली गळकी वीज जायला वाट नाही, ती टीव्हीच्या धातूकडे आणि मग माझ्याकडे येते. मोठी नसते, पण चौऱ्यांशी वर्षांच्या बाईच्या पायाशी ते ठेवायचं नव्हतं. वायरमन बोलावून त्या एका सॉकेटला अर्थिंग करून घेतलं. या सगळ्या उद्योगात जास्त खर्च त्याचाच झाला, आणि तोच करायला पंचवीस वर्षं उशीर झाला होता.

पुढचे दोन दिवस कडेच्या भानगडीत गेले. पडद्यावर वरची ओळ अर्धी कापली जात होती, आणि देवनागरीची वरची बाजू कापली की काय उरतं ते बघण्यासारखं असतं. वेलांट्या गेल्या, मात्रा गेल्या, अनुस्वार गेले. 'शांती' होती तिथे 'शाता' उरलं. याचं कारण जुन्या काचेच्या टीव्हीत आहे. त्या नळ्यांच्या कडांवर चित्र नीट पोचेल याची खात्री नसे, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीबाहेर ढकलत. नळ्या गेल्या. सपाट पडद्याला कडेची काही अडचण नाही, तरी तो रीत म्हणून अजून चित्र फुगवतो. घरात कुणाला पानाची सवय उरलेली नसताना ताटात विड्याची जागा सोडावी तसं. टीव्हीच्या मेनूत खोल कुठेतरी ते बंद करायची सोय असते. कुणी तिला 'स्क्रीन फिट' म्हणतं, कुणी 'जस्ट स्कॅन'. आमच्यात सापडायला वीस मिनिटं लागली.

मग अक्षरांभोवती पांढरट झालर. टीव्हीवाल्यांना वाटतं सगळं जग क्रिकेट बघतं, म्हणून ते प्रत्येक कडेला उगाच धार लावून ठेवतात. धार लावलेल्या अक्षराला भूत लागल्यासारखं दिसतं. 'शार्पनेस' शून्यावर आणला, मग अक्षर माणसात आलं. आणि एक शोध असा की टीव्हीत त्या तोंडाचं नाव बदलून 'पीसी' ठेवलं की रंगही स्वच्छ येतात. नाव ठेवलं आणि वागणूक सुधारली, असं बारसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

भाच्याने लॅपटॉपातलं विंडोज ७ काढून लिनक्स घातलं होतं. जुन्या विंडोजवर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, पुढचं दार बंद. अक्षरासाठी 'मुक्त' नावाचा फाँट घेतला. 'एक टाइप' या मुंबईच्याच मंडळींनी केलेला, फुकट मिळणारा. त्यात रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आहे. पुस्तकी अक्षरातली बारीक-जाड रेघ देखणी असते, पण आईला बारीक रेघ दिसतच नाही. 'ख' चा 'रव' होतो. काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर केलं, कारण पांढऱ्या पडद्याचा उजेड तिला टोचतो.

ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक ही बटणं दाबत गेलं की अक्षर पाचपट होतं, त्यापुढे जात नाही. पाचपट केल्यावर वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाला वाटतं, समोर कुणाचातरी चिमुकला फोन आहे. ते शहाण्यासारखं जाहिरातींचे खांब आवरून एकच रकाना दाखवतं. तीन फूट रुंद फोन. एका ओळीत पाच शब्द, पडद्यावर सात ओळी. अग्रलेखाचे वीस पडदे होतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे तिचं आवडतं पुस्तक वाचता येईल म्हणून मी घरच्या जुन्या प्रतीची पानं फोनने टिपून लॅपटॉपात घातली. ती चूक होती. अक्षर हे अक्षर असेल तर मोठं केल्यावर ते ओळ मोडून खाली येतं. अक्षराचा फोटो असेल तर मोठा केल्यावर तो पडद्याबाहेर जातो आणि दर ओळीला डावीकडून उजवीकडे ओढत न्यावा लागतो, पुन्हा डावीकडे आणावा लागतो. आईने दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "हे वाचन नाही, कापड मोजणं आहे." लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. आपल्या कायद्याने लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. तेव्हा मी आता रोज दोन पानं टाइप करतो. बोटांना व्यायाम, आणि गाळता येत नाही, कारण ते तिला पाठ आहे.

पान पुढे सरकवायला सगळ्यात सोपं बटण कीबोर्डवरचं. कळ दिसत नाही, पण हाताला लागू शकते. हिने आपल्या कपाळावरची टिकली काढून 'पेज डाउन'च्या कळीवर चिकटवली, मखमली, मोठी, लाल. मागे जायच्या कळीवर खड्याची. कीबोर्ड वेगळा, लांब वायरचा, आईच्या मांडीवर. टिकल्या महिन्याने बदलाव्या लागतात.

पहिल्या दुपारी सगळं लावून दिल्यावर मी विचारलं, काय उघडू? अग्रलेख?

"निधनं कुठे असतात यात?"

मी गप्प.

"आठ महिने डोंबिवलीत कुणी मेलंच नाही का रे? रोज विचारते तर म्हणतोस, आज काही विशेष नाही."

हेच गाळत होतो. त्या रकान्यातली वयं तिच्या आगेमागेची असतात. ८१, ८६, ८३. ते मोठ्याने वाचायला माझी जीभ रेटत नसे, म्हणून मी पान उलटत असे आणि तिला पान उलटल्याचा आवाज ऐकू येत असे. मी निधनवार्ता उघडून दिल्या. एवढ्या मोठ्या अक्षरात मरणाच्या बातम्या पडद्यावर आल्या आणि आई मान डावीकडे करून, टिकली दाबत, एकेक वाचत गेली. मध्येच थांबली. "ही आमच्या सेक्शनची. विक्रोळीला चढायची." मग पुन्हा टिकली. रडली नाही, काही नाही. पुढच्या दुपारी मात्र तिने मागचे अंक काढून मागितले, आणि तीन दिवस लावून आठ महिन्यांची थकबाकी भरली. दोन फोन करायला लावले. त्यातल्या एका घरी म्हणाले, आम्हाला वाटलं होतं तुम्हाला कळलंच नाही.

आता ती दुपारी दोनला बसते. मराठी विश्वकोश पडद्यावर मिळतो हे कळल्यापासून जेवताना नवनवे विषय निघतात. मागच्या आठवड्यात सलग तीन दिवस मीठ होतं. समोर टीव्ही, त्यावर नुसती अक्षरं, आवाज नाही. शेजारच्या काकू एकदा डोकावून विचारत्या झाल्या, टीव्ही बिघडला का? आई म्हणाली, "वाचतेय." लाइट गेली की सगळं जातं, बॅटरी नाही ना. मग ती डोळे मिटून बसते आणि लाइट आल्यावर मला हाक मारते. कुठवर आली होती ते तिला शब्दासकट आठवत असतं.

सुरुवातीचे काही दिवस मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचायचो. एवढी मोठी अक्षरं समोर असली की डोळा हटत नाही, आणि ती पडदा बदलायच्या आत माझं वाचून झालेलं असायचं. मी पुढच्या ओळीवर "अरेरे" म्हटलं आणि ती वळली. बायकांच्या डब्यात खांद्यावरून पेपर वाचणाऱ्यांना ती जे सांगायची तेच तिने मला सांगितलं, त्याच आवाजात.

"मागून वाचू नकोस. माझं झालं की देते."

साधारण चार वाजता टीव्ही मला मिळतो.